कै. शेठ वालचंद हिराचंद आणि टाकून दिलेलीं विमानें

मनुष्य गेल्यावर त्याचें काम कोणत्या रूपानें मागें उरतें, हें पाहणें नेहमींच बोधप्रद असतें. कोणाची विहीर उरते, कोणाची धर्मशाळा, कोणाचा ग्रंथ. परंतु इंग्लंड, कॅनडा व अमेरिका या दूरदेशींच्या संग्रहालयांत लिबरेटर नांवाचीं कांहीं अवाढव्य युद्धविमानें आज प्रेक्षकांसाठीं उभीं आहेत, आणि तीं तेथें उभीं राहूं शकलीं याचें एक मूळ आपल्या सोलापूर शहरांतील एका व्यापाऱ्याच्या घरांत सांपडतें, असें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटेल. तो व्यापारी म्हणजे कै. शेठ वालचंद हिराचंद. त्यांनीं आयुष्यांत स्वतः एकहि विमान दुरुस्त केलें नाहीं. ज्या कारखान्यानें तीं विमानें दुरुस्त केलीं, तोहि त्या वेळीं त्यांच्या मालकीचा राहिला नव्हता. तथापि तो कारखाना त्यांनींच उभा केला होता, आणि म्हणूनच त्यांचें चरित्र व त्या विमानांची कथा हीं दोन्हीं एकत्र सांगणें योग्य होईल.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापूर येथें झाला. त्यांचें घराणें दिगंबर जैन पंथाचें. पूर्वज काठेवाडांतील वांकानेरचे. परंतु उद्योगाच्या निमित्तानें तें कुटुंब महाराष्ट्रांत येऊन स्थायिक झालें होतें. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचा व्यापार व सावकारी करीत. मुलानें आपली गादी सांभाळावी, व्याज वेळेवर वसूल करावें, आणि घराण्याची पत राखावी, एवढीच अशा घरांत साहजिक अपेक्षा असे. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलांतून १८९९ सालीं वालचंद मॅट्रिक झाले. पुढें मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज व पुण्याचें डेक्कन कॉलेज येथें त्यांनीं कांहीं काळ अध्ययन केलें. परंतु घरच्या व्यवसायासाठीं पदवी न घेतांच त्यांस परत यावें लागलें. विद्यालय सुटलें तरी शिकण्याची हौस मात्र सुटली नाहीं, असें त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसतें. जो जो नवा धंदा त्यांनीं हातीं घेतला, त्याची माहिती त्यांस आरंभीं फारशी नसे. ती त्यांनीं जाणत्या माणसांकडून मिळविली.

सावकारींत त्यांचें मन रमलें नाहीं. रेल्वेंत पूर्वीं कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक हे ठेकेदारीचीं कामें घेऊं लागले होते. त्यांच्याशीं वालचंदांनीं भागीदारी केली. एक ब्राह्मण कारकून व एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळच्या रूढीस धरून नव्हती. परंतु एकाजवळ कामाचें ज्ञान होतें आणि दुसऱ्याजवळ भांडवल व धाडस होतें. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनीं आरंभ केला. कामें वाढत गेलीं. पुढें तानसा तलावापासून मुंबईस पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांचें काम आणि बोरघाटांतील लोहमार्गाच्या बोगद्यांचें काम वालचंदांशीं संबद्ध असलेल्या कंपन्यांनीं केलें. १९२६ सालीं स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी हीहि त्यांचीच. आपण पनवेलकर पुण्यास जातों तेव्हां खोपोलीच्या पुढें सह्याद्रि आडवा येतो. त्या डोंगराच्या पोटांतून आगगाडी ज्या अंधाऱ्या बोगद्यांमधून धांवते, त्यांच्या कामांत सोलापूरच्या या गृहस्थाचा हात होता, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जमिनीवरचें काम नीट चाललें असतां त्यांची दृष्टि समुद्राकडे वळली. पहिलें महायुद्ध १९१८ मध्यें संपलें. त्या वेळीं आपल्या देशाचा बहुतेक सर्व सागरी व्यापार इंग्रज कंपन्यांच्या जहाजांनीं चालत असे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं युद्धाच्या काळांत एक जुनी आगबोट विकत घेऊन जखमी सैनिकांसाठीं तिचें तरतें रुग्णालय केलें होतें व तिचें नांव लॉयल्टी असें ठेविलें होतें. मुळांत ही एम्प्रेस ऑफ इंडिया नांवाची प्रवासी बोट. ती १८९१ पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीकडे चालत होती. युद्ध संपल्यावर ती विक्रीस निघाली. वालचंदांनीं नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांच्या साहाय्यानें ती घेतली, आणि त्यांतूनच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उदयास आली. ५ एप्रिल १९१९ रोजीं ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. आजहि आपल्या देशांत ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

या ठिकाणीं एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. लॉयल्टी बोट म्हातारी होती. तिला नवें तारुण्य प्राप्त झालें असें नाहीं. थोड्याच वर्षांत, १९२३ सालीं, ती मोडींत निघाली. व्यवहाराच्या काट्यावर तोलूं गेल्यास तो सौदा फायद्याचा म्हणतां येणार नाहीं. परंतु दुसऱ्यानें कामांतून काढलेली वस्तु हातीं घेऊन तिच्या आधारें नव्या कामाचा आरंभ करतां येतो, हा धडा तिनें दिला. हाच धडा पुढें तीस वर्षांनीं, वालचंदांच्या पश्चात् म्हणण्याइतक्या अंतरावरून, त्यांच्या दुसऱ्या एका कारखान्यानें गिरविला.

सिंदिया कंपनीचा मार्ग सुखाचा नव्हता. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनीं मालाचे दर इतके खालीं आणिले कीं, नवी कंपनी थोड्याच दिवसांत बुडावी. कित्येक भागीदारांचा धीर सुटला. १९२३ सालीं कंपनीस प्रतिस्पर्ध्यांशीं करार करून आपल्या वाढीवर मर्यादा पत्कराव्या लागल्या. मानी माणसास असा करार गिळणें कठीण जातें. परंतु मोडण्यापेक्षां कांहीं काळ वांकणें बरें, हें वालचंदांनीं ओळखिलें. नरोत्तम मोरारजी १९२९ मध्यें वारल्यानंतर कंपनीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, आणि पुढें जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं तें सांभाळिलें. याच काळांत त्यांनीं साखरेच्या धंद्यांतहि लक्ष घातलें. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांव आणि इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर हीं गांवें त्यांच्या उद्योगाचीं स्मारकें आहेत.

आतां आपण विमानांच्या प्रकरणाकडे वळूं. १९३९ सालीं वालचंद अमेरिकेंत होते. हिंदुस्थानांत मोटारी तयार करण्याचा कारखाना काढावा या हेतूनें ते तेथील मोठ्या मोटार कंपन्यांशीं बोलणीं करीत होते. युरोपांत दुसरें महायुद्ध सुरू झालें होतें. परत येतांना सॅन फ्रॅन्सिस्कोहून हाँगकाँगकडे जाणाऱ्या समुद्रविमानांत त्यांची विल्यम पॉली नांवाच्या अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. हा पॉली चीन देशांत विमानांचा कारखाना चालवीत होता. प्रशांत महासागर ओलांडण्यास त्या काळीं बेटांवर मुक्काम करीत कित्येक दिवस लागत. तेव्हां बोलण्यास वेळ भरपूर होता. चीनसारख्या युद्धानें गांजलेल्या देशांत जर विमानें जोडतां येतात, तर हिंदुस्थानांत कां येऊं नयेत, हा विचार वालचंदांच्या मनांत या भेटीनें पक्का केला. मोटारींसाठीं गेलेला मनुष्य विमानांची योजना घेऊन परत आला.

सरकारनें प्रथम या कल्पनेकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. हिंदुस्थानानें विमानें करावीं, हें पुष्कळ अधिकाऱ्यांस हास्यास्पदच वाटलें असावें. परंतु १९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्स पडलें, इंग्लंड स्वतःच संकटांत सांपडलें, आणि पूर्वेकडे विमानांची गरज भासूं लागली. तेव्हां चक्रें फिरलीं. म्हैसूर संस्थानानें, दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्या कारकीर्दींत, बंगळूर येथें जागा दिली व भांडवलांतहि भाग घेतला. २३ डिसेंबर १९४० रोजीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदविली गेली. तिचें अधिकृत भांडवल ४ कोटि रुपये होतें. १९४१ मध्यें हिंदुस्थान सरकारहि भागीदार झालें. पॉली यांच्या कंपनीनें जाणते अमेरिकन कारागीर पुरविले. नोंदणीस एक वर्षहि पुरें झालें नव्हतें, तोंच १९४१ च्या ऑगस्टांत या कारखान्यांत जोडलेलें हार्लो जातीचें पहिलें शिकाऊ विमान बंगळूरच्या आकाशांत उडालें.

हें यश पूर्णपणें स्वदेशी होतें असें मानणें बरोबर होणार नाहीं. आराखडे परदेशचे होते, यंत्रें परदेशचीं होतीं, आणि सुटे भागहि बहुतेक तिकडूनच येत. तथापि लोहार, सुतार, कातारी, विजेचे कारागीर अशा शेंकडों हिंदी माणसांनीं पत्र्यावर पत्रा बसवून रिव्हेट कसें ठोकावें, इंजिन कसें उघडावें व कसें मिटवावें, हें तेथेंच प्रथम शिकून घेतलें. कारखान्यांतील खरा ऐवज हाच. इमारत व यंत्रें पैशानें विकत मिळतात. परंतु हातांत मुरलेलें ज्ञान वर्षानुवर्षांच्या कामावांचून येत नाहीं.

डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला, आणि चार महिन्यांच्या आंत सिंगापूर व रंगून पडलीं. शत्रु बंगालच्या उपसागरांत येऊन पोहोंचला. अशा वेळीं युद्धविमानांचा कारखाना खाजगी मालकांच्या हातीं ठेवणें सरकारास धोक्याचें वाटलें. एप्रिल १९४२ मध्यें सरकारनें वालचंदांचा भाग विकत घेतला. त्यांस मोबदला मिळाला; तो कमी होता अशी तक्रार करण्यास फारशी जागा नव्हती. परंतु मूल दत्तक देतांना मोबदल्याचा हिशेब आईचें समाधान करूं शकत नाहीं. ज्या उद्योगाचें स्वप्न त्यांनीं समुद्रावरून उडतांना पाहिलें होतें, तो अवघ्या सोळा महिन्यांत त्यांच्या हातून गेला. १९४३ मध्यें तर कारखान्याची व्यवस्था अमेरिकन हवाई दलाकडे सोंपविण्यांत आली, आणि नवीं विमानें करण्याऐवजीं तेथें युद्धांत मोडलेल्या विमानांची दुरुस्ती होऊं लागली. लिबरेटर, कॅटलिना, डाकोटा अशा नाना जातींचीं विमानें तेथें येत व बरीं होऊन पुनः जात. वालचंदांच्या दृष्टीनें ही अधोगति होती. परंतु याच दुरुस्तीच्या कामानें कारागिरांच्या हातांस जें वळण लागलें, तें पुढें मोठ्या उपयोगीं पडलें.

आघात तेवढ्यावर थांबले नाहींत. विशाखापट्टण येथें सिंदिया कंपनीच्या जहाज बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजीं बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें बसविली गेली होती. ६ एप्रिल १९४२ रोजीं जपानी विमानांनीं त्या शहरावर बाँब टाकिले व काम विस्कळित झालें. म्हणजे एकाच महिन्यांत एक कारखाना सरकारनें घेतला व दुसऱ्यावर शत्रूचें संकट आलें. त्या वेळीं वालचंद साठीच्या उंबरठ्यावर होते. साधारण मनुष्यानें अशा प्रसंगीं हातपाय गाळून तीर्थयात्रेचा विचार केला असता. वालचंदांनीं जहाजांचें काम सोडलें नाहीं, आणि मोटारींची जुनी योजना पुनः बाहेर काढून १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईंत कुर्ला येथें उभा राहिला. विशाखापट्टणांत बांधलेलें जलउषा नांवाचें पहिलें मोठें जहाज १४ मार्च १९४८ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें पाण्यांत सोडण्यांत आलें.

आणि याच १९४८ सालीं कानपूरच्या विमानतळावर एक विलक्षण कथा घडत होती. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाचीं पुष्कळ लिबरेटर विमानें तेथें आणून ठेविलीं होतीं. तीं मूळचीं अमेरिकेचीं. युद्धापुरतीं इंग्रजांस उसनीं मिळालेलीं. करारानें तीं परत तरी करावयाचीं, नाहीं तर निकामी तरी करावयाचीं होतीं. तेव्हां तीं निकामी करण्यांत आलीं. कोणाच्या पत्र्यांस भोंकें पाडलीं, कोणाचीं उपकरणें फोडलीं, कोणाच्या इंजिनांत माती व वाळू टाकिली. नंतर ऊन, पाऊस व गवत यांच्या स्वाधीन करून सर्वजण निघून गेले. लिबरेटर हें लहानसहान विमान नव्हे. त्याच्या पंखांचा पसारा ११० फूट. त्यास चार इंजिनें, आणि प्रत्येक इंजिन १२०० अश्वशक्तीचें. अशीं कितीएक धुडें मेलेल्या पक्ष्यांप्रमाणें ओळीनें पडलीं होतीं.

नवस्वतंत्र देशास त्या वेळीं मोठ्या पल्ल्याच्या विमानांची गरज होती, आणि तीं विकत घेण्यास परकीय चलन फार थोडें होतें. कानपूरचें भंगार पुनः उडवितां येईल काय, अशी विचारणा हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे झाली. जाणत्या परदेशी मंडळींच्या मतें हें अशक्य होतें. परंतु बंगळूरच्या कारागिरांनीं युद्धकाळांत हींच विमानें उघडलीं होतीं व जोडलीं होतीं. त्यांच्या शिरा व सांधे त्यांस परिचित होते. येल्लप्पा नांवाच्या अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीं एक तुकडी कानपुरास गेली. त्यांनीं प्रत्येक विमान तपासलें. ज्यांचा सांगाडा धड होता तीं निवडलीं. एकाचा पंख, दुसऱ्याचें चाक, तिसऱ्याचें इंजिन असें गोळा करून, बंगळूरपर्यंत एकदांच उडूं शकेल इतपत प्रत्येकास सज्ज केलें. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं उडवीत बंगळुरास नेलीं. विचार करा: ज्या यंत्राच्या पोटांत मुद्दाम वाळू घातली होती, ज्याच्या आंत काय मोडलें आहे हें पूर्णपणें कोणासच सांगतां येत नव्हतें, त्यांत बसून हजार मैलांच्या आसपास उड्डाण करावयाचें. जमिनीवर काम करणाऱ्याच्या एकेका रिव्हेटावर आकाशांतील मनुष्याचे प्राण अवलंबून होते. एकानें प्रामाणिकपणें काम केलें म्हणून दुसऱ्यास विश्वासानें जीव टाकतां आला.

बंगळुरास प्रत्येक विमान पूर्ण उघडून, धुऊन, तपासून नव्यानें जोडण्यांत आलें. अशा रीतीनें चाळिसांच्या सुमारास लिबरेटर विमानें पुनः जिवंत झालीं. १९४८ च्या नोव्हेंबरांत त्यांचें पहिलें पथक, म्हणजे हवाई दलाचें ५ क्रमांकाचें पथक, उभें राहिलें. पुढें ६ क्रमांकाच्या पथकानें पुण्याहून हींच विमानें समुद्रावरील टेहळणीसाठीं वापरिलीं. जगांतील इतर देशांनीं लिबरेटर केव्हांच मोडींत काढलीं होतीं. अमेरिकेनें तीं युद्धकाळांत अठरा हजारांहून अधिक बांधलीं. परंतु युद्ध संपतांच बहुतेक सर्व वितळवून टाकलीं. भारतीय हवाई दलांत मात्र तीं १९६८ पर्यंत काम करीत राहिलीं.

त्यानंतर जें घडलें तें अधिकच चमत्कारिक आहे. ज्यांनीं तीं बांधलीं व ज्यांनीं तीं फोडलीं, त्या देशांस आतां आपल्या संग्रहालयांसाठीं एकेक नमुना हवासा वाटूं लागला. आणि तो मिळण्याचें मुख्य ठिकाण भारत ठरलें. १९६८ सालीं एक विमान कॅनडास गेलें, १९६९ सालीं एक अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत टूसॉन येथील पिमा संग्रहालयास गेलें, आणि १९७४ सालीं एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयास देण्यांत आलें. एक दिल्लीजवळ पालम येथील आपल्या हवाई दलाच्या संग्रहालयांत आहे. आणखी एक प्रथम इंग्लंडास व नंतर अमेरिकेंतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलें. तेथें वर्षानुवर्षें खपून त्याचा कण न् कण तपासण्यांत आला, आणि १९८९ सालीं तें पुनः आकाशांत उडालें.

जुनें विमान प्रदर्शनासाठीं नीट करणें म्हणजे त्यास रंग फांसून उभें करणें नव्हे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यास आंतून गंज लागतो; तो बाहेरून दिसत नाहीं. म्हणून पत्रे उकलून सांगाडा पाहावा लागतो, जुन्या रंगाचे थर एकेक करून काढावे लागतात, नाहींसे झालेले भाग दुसऱ्या विमानांवरून मिळवावे किंवा मूळ आराखड्यावरून घडवावे लागतात. जें उडवावयाचें त्याचे जीर्ण भाग निर्दयपणें बदलावे लागतात. जें केवळ दाखवावयाचें त्याचे जीर्ण भाग शक्य तों जपावे लागतात, कारण त्या जीर्णतेंतच त्याचा इतिहास असतो. आणि शेवटीं एक कठीण प्रश्न उरतो: विमानास कोणता वेष द्यावा? परदेशीं गेलेल्या या विमानांपैकीं बहुतेकांवर त्या त्या देशाच्या हवाई दलाचे रंग चढले. यांत कोणाचा दुष्ट हेतु नाहीं. प्रत्येक देश आपलें स्मरण जपतो. परंतु त्या रंगाखालीं भारतीय चक्राचीं वीस वर्षें झांकलीं जातात, आणि कानपूरच्या उन्हांत वाळू उपसणाऱ्या हातांची आठवण पाहणाऱ्यास होत नाहीं. ती आठवण ठेवणें हें आपलें काम आहे.

ख्रिस्ती शाळेच्या मासिकांत बाँब टाकणाऱ्या विमानांचें एवढें कौतुक कां, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. हीं यंत्रें माणसें मारण्यासाठीं जन्मलीं, हें विसरून चालणार नाहीं. आणि संग्रहालयानेंहि तें विसरूं देऊं नये. परंतु जें शस्त्र आतां कोणावर चालत नाहीं व केवळ साक्ष देण्यासाठीं उभें आहे, तें पाहून युद्धाची भव्यता आणि युद्धाचा खर्च या दोन्हींचा विचार लहान मुलांच्या मनांत येतो. त्या विमानांच्या अरुंद पोटांत बसून गेलेले कित्येक तरुण परत आले नाहींत, आणि ज्यांच्या गांवांवरून तीं गेलीं त्यांचेंहि दुःख तितकेंच खरें आहे. नांगराचा फाळ करण्याइतकें त्या धातूचें भाग्य नसेल. तरी शाळा झाला, हें कांहीं कमी नव्हे.

शेठ वालचंदांस या पुढल्या कथेंतील फारच थोडें पाहावयास मिळालें. १९४९ सालीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्यें ते कारभारांतून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनीं शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजरातेंतील सिद्धपूर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९५१ सालीं, त्यांनीं स्थापिलेल्या कारखान्यांत संपूर्णपणें भारतांत आंखलेलें एच. टी. २ हें शिकाऊ विमान उडालें होतें. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील गडहिंग्लज तालुक्यांतले. सोलापूरकरानें पाया घालावा आणि कोल्हापूरकरानें त्यावर पहिला स्वतंत्र मजला चढवावा, हा योग मराठी माणसास अभिमान वाटण्यासारखा आहे. तोच कारखाना १ ऑक्टोबर १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नांवानें चालतो; बंगळूर येथें २००१ सालापासून त्याचें स्वतःचें संग्रहालयहि आहे.

वालचंद हे साधु नव्हते, आणि त्यांस साधु ठरविण्याचा आमचा हेतुहि नाहीं. ते नफ्यासाठीं व्यापार करीत. राजकीय पुढाऱ्यांशीं मैत्री ठेवीत आणि ज्या सरकाराशीं भांडत त्याच सरकारापासून कामेंहि मिळवीत. एकाच वेळीं अनेक उद्योगांत हात घातल्यामुळें त्यांच्या भागीदारांचा जीव पुष्कळदां टांगणीस लागे. जहाज, विमान व मोटार या तीन मोठ्या उद्योगांपैकीं विमानाचा उद्योग त्यांच्या देखतच दुसऱ्याच्या हातीं गेला, आणि जहाजांचा कारखानाहि पुढें सरकारी झाला. केवळ मालकीच्या मापानें मोजलें तर हें अपयशच होय. परंतु पेरणारा व कापणारा यांविषयीं शुभवर्तमानांत जी शिकवण आहे, तिच्या प्रकाशांत पाहिलें म्हणजे निराळें दिसतें. पेरणाऱ्याचें काम पेरून संपतें. पीक कोणाच्या खळ्यावर पडलें, यावरून त्याचे श्रम खोटे ठरत नाहींत. १९४१ मध्यें बंगळुरास हातोडी धरावयास शिकलेला कारागीर नसता, तर १९४८ मध्यें कानपूरचें भंगार भंगारच राहिलें असतें.

विद्यार्थिमित्रहो, सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आपण ऐकून असालच. तुमच्यांपैकीं कित्येकांची तेथें जाण्याची इच्छाहि असेल. आपल्या पनवेल तालुक्याच्या भूमीवर नवा विमानतळ उभा राहिला असून ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्‌घाटन झालें. डोक्यावरून विमान गेलें म्हणजे मान वर करून पाहणें साहजिक आहे. परंतु त्या विमानास जमिनीवर ज्यांनीं हात लाविला, ज्यांनीं रात्रीं दिवा घेऊन त्याचा खिळा न् खिळा तपासला, त्यांचीहि आठवण करा. तुमच्यांतील एखादा वैमानिक होईल. पुष्कळजण कारागीर, अभियंते, हिशेबनीस वा शिक्षक होतील. ज्याच्या वांट्यास जें येईल तें त्यानें असें करावें कीं, दुसऱ्यानें डोळे मिटून त्यावर विसंबावें. आणि एखादी वस्तु, एखादें काम किंवा एखादा मनुष्य जगानें निरुपयोगी म्हणून टाकून दिला असेल, तर तसें मानण्यापूर्वीं एकदां तो स्वतः उघडून, निरखून पाहावा. पुष्कळदां वाळू वरवरच असते. सांगाडा धड असतो.